वीस गुंठे गहू, चार पट्टे: रब्बीच्या नोंदी

२४ ऑक्टोबर

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं. विहिरीच्या वरच्या अंगाचे वीस गुंठे या खेपेला माझ्याकडे, हे काल जेवताना ठरलं. ठरलं म्हणजे काय, मामा (माझे सासरे) आणि भावजींची (माझ्या दिरांची) दरवर्षीची जुंपली आणि मी मधेच तोंड घातलं. मामांचं म्हणणं, रासायनिक खताच्या गोण्या ओतून ओतून रानाचा दगड केलाय, आमच्या वेळी नुसत्या शेणखतावर गहू छातीला लागायचा. भावजी म्हणाले, "छातीला लागायचा आणि आडवा पडायचा. पोती किती यायची तेवढं सांगा." मी म्हटलं, शेजारीशेजारी पेरू आणि तराजूवर घालू. आत्ती (सासूबाई) हसल्या. तेव्हापासून ही वही.

विहिरीकडून मोजलं तर पाच-पाच गुंठ्यांचे चार पट्टे: पहिला नुसतं शेणखत, दुसरा दोन्ही निम्मं-निम्मं, तिसरा नुसत्या गोण्या, चौथा काहीच नाही. चौथ्यावरून मामा चिडले. "उपाशी ठेवायला पेरायचं कशाला?" उपाशी रान किती देतं हे कळल्याशिवाय खाऊ घातलेल्यानं किती जास्त दिलं ते कसं कळणार, हे त्यांना पटलं नाही. पण खुंट्या त्यांनीच ठोकल्या.

२९ ऑक्टोबर

माती परीक्षणाचा कागद रयत संपर्क केंद्रातून, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शेती कार्यालयातून, आणला. सगळा कन्नडात. मला अक्षरं लागतात, शब्द लागत नाहीत, म्हणून धाकटीला वाचायला बसवलं. सारजनक म्हणजे नत्र (नायट्रोजन), रंजक म्हणजे स्फुरद (फॉस्फरस), सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब (कार्बन). "आई, इंगाल म्हंजे इंगळ व्हय?" असं विचारलं तिनं. तसं म्हटलं तर चुकलं नाही, निखाऱ्यातला कोळसा तोच कर्ब.

सामू (पीएच) ८.१. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के, म्हणजे कमी, ०.५० च्या वर गेला की मध्यम म्हणतात. स्फुरद मध्यम. पालाश (पोटॅश) भरपूर, काळ्या रानात बहुतेक असतोच. म्हणून पोटॅश कुठल्याच पट्ट्यात घालणार नाही. मामा 'रानाचा दगड' म्हणतात त्याला कागदावर ०.४८ म्हणतात, एवढं त्यांना सांगितलं. खूश झाले.

३ नोव्हेंबर

आजचा दिवस गणितात गेला. बागायती वेळेवरच्या गव्हाला महाराष्ट्राकडच्या पुस्तिकेत हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. एकराला नत्र ४८, पाच गुंठ्यांना ६ किलो. स्फुरद ३ किलो.

गोणीचा पट्टा सोपा. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतात १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद. साडेसहा किलो डीएपीत स्फुरद पुरा होतो आणि नत्र १.१७ किलो मिळतं. उरलेलं ४.८३ किलो युरियातून, तो ४६ टक्के, म्हणजे साडेदहा किलो. पेरताना चार, एकविसाव्या दिवशी साडेसहा. दुसऱ्या पट्ट्याला याच्या निम्मं.

शेणखताचं गणित मात्र डोकं खाणारं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. ६ किलो हवं तर १२०० किलो खत. पण हे नत्र सगळं पहिल्या पिकाला मिळत नाही. साधारण एक तृतीयांश धरतात, बाकीचं पुढच्या पिकांना सावकाश. मग खरोखर ६ किलो हातात पडायला पाच गुंठ्यांत ३६०० किलो घालावं लागेल. एकराला जवळजवळ २९ टन! शिफारस हेक्टरी १० टन, एकरी चार. आमच्या दोन म्हशी आणि एक गाय वर्षभरात जे देतात ते या वीस गुंठ्यांतच संपून जाईल आणि ऊस बोंबलत बसेल.

शेवटी पहिल्या पट्ट्यात १२०० आणि दुसऱ्यात ६०० किलो घालायचं ठरवलं. कागदावर नत्र सारखं, प्रत्यक्षात नाही, हे इथंच लिहून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की शेणखताला फसवलं.

५ नोव्हेंबर

उकिरडा उपसला. एक पाटी भरून काट्यावर ठेवली: १९ किलो. पहिल्या पट्ट्यात ६३ पाट्या, दुसऱ्यात ३२. मोजत टाकताना भावजी दर दहा पाट्यांना बांधावर एक खडा ठेवत होते, लहानपणी गोट्या मोजायचो तसे.

वरचा थर काळा, भुगा. खाली गेलो तशी उसाच्या पाचटाची अख्खी पानं निघाली. म्हशींखाली पाचट आंथरतो, ते. हात घातला तर आत ऊब होती. कुजणं चालू आहे याची ती खूण. थांबायला हवं होतं, पण पेरणीची तारीख थांबत नाही. घातलं.

७ नोव्हेंबर

निपाणीला जाऊन गोण्या आणल्या. अंगठा लावून युरिया मिळाला, ४५ किलोची गोणी, छापील २६६ रुपये ५० पैसे. डीएपीच्या गोणीबरोबर एक द्रवरूप खताची बाटली 'घ्यावीच लागते' म्हणे. घ्यावी लागत नाही, पण पेरणी तोंडावर असताना वाद कोण घालणार? बाटली कपाटावर आहे.

दुकानातला पोरगा कन्नड-मराठी एकत्र बोलणारा. रासायनिकला तो 'सरकारी गोब्बर' म्हणतो आणि शेणखताला 'तिप्पी गोब्बर'. उकिरड्याचं आणि सरकारचं. आमच्या घरातलं सगळं भांडण त्या दोन शब्दांत बसतं.

१२ नोव्हेंबर

पेरणी. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा यूएएस-३०४ हा वाण, पाच गुंठ्यांना सव्वासहा किलो बी. अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जीवाणूखत, दोन्ही किलोला पंचवीस-पंचवीस ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून सावलीत चोळलं. चारही पट्ट्यांना सारखंच, चौथ्यालाही. ओळी नऊ इंचांवर.

आत्तींसाठी गोणीच्या पट्ट्याच्या टोकाला दोन सारे (वाफे) खपली, म्हणजे जुना टरफलाचा गहू, पेरली. गव्हाच्या खिरीला दुसरा गहू चालत नाही म्हणतात. खपली टरफलासकट पेरायची असते, पेरणीच्या कुरीच्या नळ्यात अडकत होती, शेवटी हातानंच ओळी ओढल्या. हे दोन वाफे मोजमापात नाहीत.

१९ नोव्हेंबर

उगवण चांगली. चारही सारखे. मामा: "बघ, उपाशीपण उगवलंय." दाण्यात पहिल्या दिवसांची शिदोरी असतेच, मी म्हटलं.

३ डिसेंबर

एकविसावा दिवस. या दिवसाला गव्हात मान आहे, कारण खोडाच्या गाठीतून मुकुटमुळं याच वेळी फुटतात. या पाळीला पाणी चुकलं तर नंतर कितीही पाजा, फुटवे भरून निघत नाहीत.

दुपारी दोनला थ्री फेज येणार होती. मी बाराला युरिया फेकून घेतला, तिसऱ्या पट्ट्यात साडेसहा किलो, दुसऱ्यात सव्वातीन, म्हणजे लगेच पाणी लागलं की आत जाईल. लाईट आली नाही. पाचपर्यंत मोटारीजवळ बसून राहिले. पांढरे दाणे काळ्या रानावर तांदूळ सांडल्यासारखे दिसत होते.

४ डिसेंबर

लाईट नाही. सकाळी दव पडलेलं, दाणे अर्धे विरघळलेले. हीच वाईट अवस्था. ओल मिळाली की मातीतलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करायला लागतं. तो मातीच्या आत झाला तर माती धरून ठेवते, वर झाला आणि सामू आठच्या पुढे असला तर वाऱ्यावर जातो. भावजी म्हणाले, हा कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया, याचं काही उडत नाही. २०१५ पासून आपल्याकडे सगळा युरिया लेप दिलेलाच येतो, खरं आहे. पण तो लेप अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. वर पडून उडून जाणं त्यानं थांबत नाही.

वाकून वास घेतला. नाकाला काही लागलं नाही. लागलंच पाहिजे असंही नाही.

५ डिसेंबर

रात्री सव्वाअकराला लाईट. बॅटरी घेऊन दोघं गेलो, भावजी पाण्याच्या दंडावर, मी साऱ्यात. पहाटे चारला संपलं. पुन्हा कधी आधी युरिया नाही. आधी लाईट, मग युरिया, मग लगेच पाणी. हे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय.

११ डिसेंबर

पहिला पट्टा पिवळा पडलाय. शेणखताचा! चौथा, ज्याला काहीच दिलं नाही, तो त्याच्यापेक्षा हिरवा. खालची पानं टोकाकडून पिवळी, वरची पोपटी. नत्राची भूक.

मामा बांधावर उभे राहून बघत होते. बोलले नाहीत. संध्याकाळी आत्तींना म्हणाले, "पोरीनं खत मोजून घातलं, तिथंच बिघडलं."

बिघडलं मोजण्यानं नाही. उकिरड्यातल्या त्या पाचटानं. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं, शंभराला एक म्हणतात तसं. कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब खायचा तर सोबत नत्र लागतं. खतात नसलं की ते मातीतलं उचलतात. म्हणजे गव्हाच्या ताटातलं. कर्ब आणि नत्राचं प्रमाण विसाला एकाच्या आसपास उतरलं की जीवाणूच नत्र सोडायला लागतात. आमचा उकिरडा तिथवर पोचायच्या आधीच मी तो रानात नेला. शेणखत घातलं असं आम्ही म्हणतो, खरं तर शेणखत कुजवायला गव्हाचं रान भाड्यानं दिलं.

दुसऱ्या पट्ट्यात तेच खत निम्मं आहे, पण पिवळेपणा नाही. तिथं जीवाणूंना युरियातलं मिळालं.

भावजी म्हणाले, पहिल्यात थोडा युरिया टाकू का? नको. मोह मलाही झाला.

१७ डिसेंबर

कोल्हापूरला नणंदेकडे गेलो होतो. तिचे मालक म्हणाले, जीवामृत सोड की. दोनशे लिटरात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधाची माती, एकराला. करायला हरकत नाही, जीवाणूंना चालना मिळत असेल. पण दहा किलो ताज्या शेणात नत्र किती? काही ग्रॅममध्येच मोजायचं. गव्हाला लागतं किलोत. हे मी तिथं बोलले नाही, जावयाचं घर.

२६ डिसेंबर

पहिला पट्टा सावरला. दोन आठवड्यांत रंग फिरला, गोणीच्या पट्ट्याइतका गडद नाही, पण पिवळा राहिला नाही. आता खत देऊ लागलंय. फुटव्यांची वेळ मात्र निघून गेली. शेणखत देतं, पण आपल्या वेळेला देतं, गव्हाच्या वेळेला नाही. युरिया बरोबर उलट, मागितल्या वेळी सगळं एकदम, आणि आपण चुकलो तर वाऱ्यावर.

चौथ्या पट्ट्याची शेवटची तीन फूट कड गडद हिरवी दिसते. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस आहे, त्यांचं पाणी पाझरतं आणि पाण्याबरोबर त्यांचा युरियाही. मळणीला ती कड बाजूला काढायची.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ देताना भावजी म्हणाले, "वहिनी, गोड बोला, पण गोणीच जिंकणार." पोटऱ्या फुटून ओंब्या बाहेर आल्यात, गोणीच्या पट्ट्यात तीन-चार दिवस आधी.

इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक नावाचं एक रान आहे. तिथं १८४३ पासून हेच चाललंय. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी सुरू केलं: एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, दुसऱ्यांत वेगवेगळी रासायनिक खतं, एकात काहीच नाही. गहू अजून पेरतात. काहीच न दिलेला पट्टा अजूनही हेक्टरी टनभर देतो. शेणखताचा आणि पुऱ्या रासायनिक खताचा गहू बरीच वर्षं जवळजवळ बरोबरीत चालला, पण शेणखताच्या पट्ट्यातला कर्ब दुपटीच्या वर गेला. मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पस्तीस टनाला म्हशी किती ठेवल्यात त्यांनी?"

नेमका प्रश्न.

३० जानेवारी

खपली लोळली. दोन्ही सारे, चटई आंथरल्यासारखे, ओंब्या एकाच दिशेला. काल पाणी दिलं आणि रात्री वारा सुटला. पण नुसत्या वाऱ्यानं यूएएस-३०४ चं एक धाट हललं नाही. मग भावजींनी कबूल केलं: डिसेंबरात गोणीत उरलेला युरिया बघून आत्तींच्या खपलीवर दोन ओंजळी टाकल्या होत्या. प्रेमानं.

जुना उंच गहू आणि भरपूर नत्र यांचं जमत नाही. धाट लांब, लुसलुशीत होतं आणि ओंबीचा भार आला की मोडतं. सत्तर वर्षांपूर्वी ही जगाचीच अडचण होती. नॉर्मन बोरलॉग या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हाचा गुण आपल्या वाणांत आणला, तो खत पचवून उभा राहणारा गहू. १९६६ साली भारतानं त्यांचं १८ हजार टन बी आणलं. गोणी आणि बुटका गहू एकमेकांचा हात धरून आले आपल्याकडे. मामांना आठवतो तो छातीला लागणारा गहू गोणी खाणाराच नव्हता, आणि भावजींना आठवतं तेव्हापासून गहू गुडघ्याच्या थोडा वर. दोघं दोन वेगळ्या पिकांबद्दल भांडतात.

आत्तींनी लोळलेल्या साऱ्यात जाऊन ओंब्या चोळून बघितल्या. दाणा चिकात होता. "खिरीपुरता निघंल," म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी

थोडी मावा कीड, सगळ्यात जास्त गोणीच्या पट्ट्यात. लुसलुशीत पानांवर ती आधी बसते. मावा खाणारे लालभडक ढालकिडे आले आहेत, फवारणी नाही.

६ मार्च

विळ्यानं कापणी. प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी मीटरभर ओळ धरून ओंब्या मोजल्या, सरासरी: शेणखत ५४, दोन्ही ६८, गोणी ७०, काही नाही ४५. प्रत्येकातल्या दहा ओंब्या घरी आणून ताटात चोळल्या. धाकटी दाणे मोजत होती, दर शंभराला एक शेंगदाणा तोंडात.

८ मार्च

मळणी. चौथ्याची तीन फूट कड वेगळी काढली, आणि बरोबरी राहावी म्हणून बाकीच्या तिघांचीही तेवढीच. मग हिशेब पाच गुंठ्यांवर आणला.

शेणखत १२१ किलो. दोन्ही १७१. गोणी १६८. काही नाही ९२.

भावजींनी मोबाईलवर फोटो काढला. मामा दुसऱ्या पोत्यात हात घालून दाणा तळव्यावर घेऊन बघत राहिले. हजार दाण्यांचं वजन गोणीत ३८ ग्रॅम, दोन्हीत ४०. दोन ग्रॅमचा फरक बोटांना कळतो का मला माहीत नाही, पण त्यांनी पोतं बरोबर ओळखलं.

१७१ आणि १६८ यांत जिंकलं-हरलं म्हणण्यासारखं काही नाही. एकेकच पट्टा होता, तीन किलो खळ्यावर सांडू शकतात. शिवाय गोणीच्या पट्ट्याचा युरिया दोन दिवस उघडा पडला होता. पण दुसऱ्या पट्ट्यात गोणी निम्मी गेली, आणि पोतं तेवढंच भरलं, एवढं खरं. काहीच न दिलेल्या रानानं ९२ किलो दिले ते कशावर? खरिपाच्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी आणि पाला, आणि मागच्या वर्षांच्या गोण्यांचं उरलंसुरलं. त्याला उपाशी म्हणता येत नाही, मागच्याच शिदोरीवर ठेवलं होतं.

१५ मार्च

पैशाचं. गोणीच्या पट्ट्याला युरिया ६२ रुपयांचा, डीएपी पावणेदोनशेचं. (युरियाची खरी किंमत याच्या कितीतरी पट, बाकी सरकार भरतं.) शेणखत विकत घेतलं असतं तर तीन टनांच्या ट्रॉलीला आमच्याकडे साडेचार हजार, म्हणजे पट्ट्याला १८००. त्यानं चौथ्यापेक्षा २९ किलो गहू जास्त दिला. एका पिकापुरतं बघितलं तर मामांचा हिशेब बसत नाही.

पण आज नांगरटीआधी चारही पट्ट्यांत एकेक फूट खड्डा घेतला. तिसऱ्यात आणि चौथ्यात कुदळ ठण् वाजली, ढेकूळ फोडायला लाथ लागली. पहिल्यात माती हातानं मोडली, खाली सहा इंचांवर अजून ओल, आणि दोन गांडुळं. तांब्याभर पाणी चारही खड्ड्यांशेजारी ओतलं. पहिल्यात मुरलं तेव्हा चौथ्यात अजून तळं होतं. भावजी बघत उभे होते, त्यांनीच दुसरा तांब्या ओतून खात्री केली.

माझी मावशी खानापूरकडची, तिकडं तांबडं रान आणि पाऊस भरपूर. तिथं नुसता युरिया वर्षानुवर्षं टाकला तर माती आंबट होत जाते, ही अडचण आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात तशी नाही. आमची अडचण ती ठण् आहे.

२० एप्रिल

खुंट्या काढलेल्या नाहीत. सोयाबीन चारही पट्ट्यांवर काही न घालता पेरायचं आणि पहिल्या पट्ट्यानं दाबून ठेवलेलं नत्र बाहेर येतं का ते बघायचं. सोयाबीन स्वतःचं नत्र करतं, त्यामुळे फरक झाकला जाईल, म्हणून चारही पट्ट्यांत एकेक सारा मक्याचा.

उकिरडा आता गोठ्यामागच्या खड्ड्यात. पाचट बारीक करूनच टाकायचं, थरावर शेणकाला, दर थराला मूठभर युरिया. युरिया उकिरड्यात टाकायला मामा तयार होतील असं वाटलं नव्हतं. "जीवाणूंनी गव्हाचं खाण्यापेक्षा हितंच खाऊ देत," म्हणाले आणि स्वतः शिंपडला. वर मातीचा थर, भिजवून, पाचटाचं झाकण. जूनच्या आत एकदा, ऑगस्टात एकदा पलटी. ऑक्टोबरात हात घालायचा. आत ऊब लागली तर रानात न्यायचं नाही, पेरणी तोंडावर असली तरी.

आत्तींनी काल खपलीची खीर केली. साडेतीन किलो निघाली होती, टरफल काढून अडीच.